डावा पाय बघून कळव

पनवेल, ता. १२ फेब्रुवारी १९५७

चि. मालूस वेणूताईचे अनेक आशीर्वाद.

काल हे गिरणीतून आले ते अंगणातूनच ओरडत आले, "आगं, तुजी मालू आमच्या काशिरामला दिली!" मी भाकरी थापत होते, ती परातीतच राहिली. बळीरामकाकांनी मला एका शब्दाने कळवलं नाही. सख्खी नसले तरी चुलतबहीण आहे ना मी तुझी? असो. रुसायला आत्ता वेळ नाही, लग्नानंतर सवडीने रुसेन.

काशिराम ह्यांच्याच भाताच्या गिरणीत आहे. हे इंजिनावर, तो पोती भरायच्या बाजूला. म्हणजे तू लग्न होऊन पनवेलीलाच येणार! तेव्हा तुझं पहिलं केळवण माझ्याकडे. मामाकडचं, मावशीकडचं, सगळं नंतर. मी आधी सांगितलंय हे लक्षात ठेव.

आता नीट उत्तरं दे. लुगडं हिरवं घेऊ की अंजिरी? सासूबाई म्हणतात नारळाच्या रसातल्या शेवया करू. हे म्हणतात मटण नसेल तर केळवण कसलं? मला वाटतं वडे करावेत. शेवया वाळवायला ऊन हवं, म्हणून आत्तापासून विचारते. पाच सवाष्णी बोलवायच्या, त्यांत शेजारची भीमाबाई घेऊ का? ती खाते फार, पण गाते छान. दिवस कुठला धरू?

सगळ्याचं उत्तर परतीच्या टपालाने पाठव.

तुझी वेणूताई

*

जासई, ता. २० फेब्रुवारी १९५७

सौ. वेणूताईस मालूचा नमस्कार.

पत्र पोचलं. ताई, मी एक विचारते. हसू नकोस, कोणाला सांगू नकोस, आणि उत्तर पाकिटातून पाठव. कार्ड टाकलंस तर ते माझ्याआधी अख्खं गाव वाचतं.

मला बघायला आले तेव्हा सतरंजीवर तिघं तरणे बसले होते. आईने बजावलं होतं, मान वर करायची नाही. मी केली नाही. चहाचं ताट घेऊन गेले, फिरवलं, आत आले. मी फक्त पाय पाहिले. एकाच्या पायांत मोजे होते. दुसऱ्याचे पाय गोरे, नखं कापलेली, मास्तरांसारखे. तिसऱ्याच्या टाचांना भेगा आणि अंगठ्याचं नख काळं पडलेलं, आपल्या मिठागरातल्या माणसांचे असतात तसे.

माझं ह्यांतल्या कोणाशी ठरलंय ते मला ठाऊक नाही.

आईला विचारलं तर म्हणाली, "येडी का काय तू? इतकी मानसं बगून गेली आन तुला ठावं नाय?" आबांना तर विचारताच येत नाही. ताई, तिघांपैकी एकच असावा असं मला फार वाटतं. तो तिसरा. का ते आत्ता लिहीत नाही. तो नसेल तर मी काय करीन ते मला समजत नाही. होकार तर आबांनी देऊन टाकला.

तू एवढंच कर. जगनभावजींच्या गिरणीत ते आहेत म्हणतेस, तर त्यांचे पाय बघ. डावा नीट बघ.

मालू

*

पनवेल, ता. २ मार्च १९५७

चि. मालूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की सासूबाई विचारायला आल्या. काही सांगितलं नाही हो. लबाड! नवऱ्या मुलाला वहाणा घ्यायच्या आहेत आणि माप कसं मागायचं म्हणून एवढी मोठी गोष्ट रचलीस होय? सरळ विचारायचं! तरी डाव्या पायाचंच का, ते मला कळलं नाही. बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो म्हणून असेल.

ह्यांनी काशिरामची वहाण तो जेवायला बसला असताना हळूच उचलून सुताने मापली. सूत सोबत पाठवलंय. गाठ मारली आहे तिथपर्यंत टाच. पाय दांडगा आहे गं बाई, चांभाराला आधीच सांगून ठेव.

मोजेवाला तो तुळशीराम, काशिरामच्या बहिणीचा नवरा. तो वैशाखातही मोजे काढत नाही. उरले दोघं. त्यांतला एक काशिरामचा मित्र भगवान. पण गोरा कोण आणि भेगांचा कोण ते ह्यांना सांगता येईना. मी स्वतः डबा घेऊन गिरणीत गेले तर सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत कोंड्यात. पांढरे सगळेच.

बाकी माणूस तोंडावरून चांगला दिसतो. नाक जरा मोठं आहे. डोळे वर करून बोलत नाही. तू पायाचं विचारलंस, मी नाकाचं कळवते, घे समजून.

लुगड्याचा रंग कळवला नाहीस. शेवया वाळत घातल्यात. भीमाबाईला बोलावून टाकलं.

वेणूताई

*

जासई, ता. ९ मार्च १९५७

सौ. वेणूताईस,

ताई, वहाणा नकोत! सूत मी चुलीत टाकलं. मी खरंच पाय बघायला सांगितलं होतं. डाव्या पायाच्या वर, बोटांच्या मागे, काही खूण आहे का एवढंच मला हवंय. कोंडा धुतल्यावर बघ. तुझ्या पाया पडते, एवढं कर.

लुगडं कसलंही चालेल. शेवयाही चालतील. मला जेवण जात नाही.

मालू

*

पनवेल, ता. २० मार्च १९५७

चि. मालूस आशीर्वाद.

मालू, तू कुठे आहेस, काय करते आहेस, कोणाजवळ बसली आहेस, आधी खाली बस आणि मग हे वाच.

तू एवढं पाया पडतेस म्हणून मी ह्यांना सांगून काशिरामला रविवारी जेवायला बोलावलं. म्हटलं, त्याचंही एक छोटंसं केळवण होऊन जाईल. तो आला. ओटीशी मीच पायांवर पाणी घातलं. कोंडा गेला आणि बघते तर काय! डाव्या पायावर, तू म्हणालीस तिथेच, बोटांच्या मागे, पांढरा डाग! चांगला रुपयाएवढा!

तुला कोणी सांगितलं? इतके दिवस हे पोटात घेऊन बसलीस आणि मी वेडी तुला वहाणांवरून चिडवत होते! आता कळलं तुला जेवण का जात नाही. सासूबाईंनी पण बघितलं. त्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "कोड हाय. नक्की कोड. माज्या मामेसासऱ्याला आसाच सुरू झालेला." मला तर पुढे वाढताच येईना. तो बिचारा मान खाली घालून जेवत होता. शेवया दोनदा घेतल्या.

मी कोणालाही सांगितलं नाही. फक्त सासूबाई. आणि हे. आणि बळीरामकाकांना, कारण बापाला कळायलाच हवं ना? दादू गाडीवाला तुमच्याकडे मीठ भरायला निघाला होता, त्याच्याबरोबर निरोप दिलाय. दादू भला माणूस आहे, वाटेत कुठे बोलायचा नाही.

तू रडू नकोस. ठरलेलं मोडता येतं. शेवयांचं काय करायचं ते नंतर बघू.

तुझी वेणूताई

*

जासई, ता. २३ मार्च १९५७

ताई, काय केलंस गं हे!

तुझं पत्र दुपारी मिळालं. डाग आहे एवढं वाचलं आणि मी एकटीच मोठ्याने हसले. तोच! तिसराच! मग पुढचं वाचलं आणि लगेच हे लिहायला बसले. काल आबा दादूशी ओट्यावर बराच वेळ बोलत होते. आज सकाळी न्याहारीही न करता दोन जाणत्या माणसांना घेऊन येष्टीने पनवेलला गेले. आई सकाळपासून डोळे पुसते आहे आणि मला काही सांगत नाही. आत्ता कळतंय सगळं.

ते कोड नाही. मी भाजलंय ते.

बघायला आले त्या दिवशीची गोष्ट. ताट तिसऱ्यासमोर नेलं आणि एक कप कलंडला. उकळता चहा सगळा त्यांच्या डाव्या पायावर. मला वाटलं, आता हे ओरडणार, सगळे बघणार, आबा मला जन्मभर बोलणार. ते काहीच बोलले नाहीत. पाय हळूच धोतराखाली ओढून घेतला, रिकामा कप उचलून तोंडाला लावला आणि प्यायल्यासारखं केलं. कोणाला पत्ता लागला नाही. आत गेल्यावर मी दाराआडून ऐकलं, आबा विचारत होते, "च्या बरा हाय ना?" आणि एक आवाज म्हणाला, "झ्याक हाय."

ताई, मला ते हवेत. तोंड कसंही असो, नाक केवढंही असो. तुला तेव्हाच लिहिलं असतं, पण तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तू आईला कळवशील अशी भीती वाटली. आता बघ.

धावत जा. आबांना सांग. आणि खरोखरीचं कोड असतं, तरी तो पाय तोच राहिला असता ना? हे मात्र आबांना सांगू नकोस.

मालू

*

पनवेल, ता. २६ मार्च १९५७

चि. मालूस,

तुझं पत्र काल हाती पडलं. काका त्याच्या दोन दिवस आधीच येऊन, लग्न मोडून, निघूनही गेले. मला काय लिहावं ते सुचत नाही, पण झालं तसं सांगते, कारण तिथे हे होते.

काका आणि ती दोन माणसं थेट काशिरामच्या अंगणात. काका म्हणाले, "पाय दाव." त्याचा बाप महादेवबाबा लालबुंद झाला. काशिरामने पाय पुढे केला. काका म्हणाले, "ह्यो डाग कसला?" तर तो काय म्हणाला असेल? "इंजिनाची वाफ लागली." आणि आमचे हे! शहाणे! तिथेच उभे होते ते भोळेपणाने म्हणाले, "आरं, इंजिनावर तर मी आसतो. तू कदी आलास तितं?" झालं. काकांना वाटलं, खोटं बोलतो म्हणजे कोडच लपवतो. महादेवबाबा म्हणाले, पायच बघायचे होते तर बैल घ्यायला जायचं होतंत. काका म्हणाले, मग लगीन मोडलं.

तेव्हा कोणालाच कळेना तो खोटं का बोलला. काल तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं. त्याने तुला ह्याही वेळी वाचवलं गं. आणि मी दादूला निरोप दिला. मी माझ्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटतं. ह्यांना सगळं सांगितलं तर हे कालपासून जेवले नाहीत.

आज मी महादेवबाबांकडे गेले होते. त्यांनी दार उघडलं नाही. मी सांगून आता कोण ऐकणार? मीच तर कोड आहे म्हणाले होते! सासूबाई अजून म्हणतातच. शेवया डब्यात भरू का वाळत ठेवू, भीमाबाईला नको सांगू का ये सांगू, मला काहीच कळत नाही. डोकं चालेनासं झालंय.

मालू, आता फक्त तूच बोलू शकतेस.

वेणूताई

*

जासई, ता. १ एप्रिल १९५७

सौ. वेणूताईस नमस्कार.

बोलले.

आबा परत आल्यापासून घरात त्या घराचं नाव काढायची बंदी होती. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी दोघांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आईच आधी उठली. आत जाऊन सतरंजी घेऊन आली, पसरली, आणि डाग दाखवून म्हणाली, "हा च्याचा हाय होय? मी मांजरीनं घान केली म्हनून तिला पार आंगनाबाहेर हाकलली!"

आबा म्हणाले, "आन तो इंजिनाची वाफ कशाला बोलला?"

मी म्हटलं, "मला बोल लागू नये म्हनून."

आबा उठून मिठागरावर गेले आणि अंधार पडेतो बांधावर बसून राहिले. मला वाटलं, रागावलेत. आईला वाटलं, रडतायत. दोन दिवस असेच गेले. आज सकाळी मला म्हणाले, "वेनूला लिव. केळवन कर म्हनावं. दोगांचा एकदम. त्यांच्याकडची मानसं, आपल्याकडची मानसं, सगली बोलव. दादूला तर नक्की."

त्यांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही. विचारायची छाती नाही. भांडायला बोलावतायत की काय अशी भीतीही वाटते. तरी कर.

लुगडं हिरवं घे.

मालू

*

पनवेल, ता. ६ एप्रिल १९५७

चि. मालूस आशीर्वाद.

दोघांचं एकदम? असं कुठे असतं का गं? नवरीचं केळवण वेगळं, नवऱ्याचं वेगळं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पाट दोन मांडायचे का? आधी ओवाळायचं कोणाला? कोणी म्हणतं डावीकडे नवरी, कोणी म्हणतं लग्नाआधी एका पंगतीला बसायचंच नाही. काकांना वेड लागलं की आम्हाला, ते कळत नाही.

हे निरोप घेऊन गेले. महादेवबाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. काशिराम आतून बाहेर आला, म्हणाला, "येतो म्हनून सांगा." बापाने वळून पाहिलं, पण नाही म्हणाला नाही. तेव्हा चौदा तारखेच्या रविवारी. मी वडेही करणार, शेवयाही करणार आणि मटणही करणार. म्हणजे कोणाला बोलायला जागा नको.

वेणूताई

*

पनवेल, ता. १६ एप्रिल १९५७

चि. मालूस,

माझ्याच घरी केळवण, माझ्याच ओटीवर सगळं घडलं, आणि मी आत वडे तळत होते! बाहेर एकदम शांत झालं, मग कोणीतरी रडलं, मग भीमाबाईने गाणंच सुरू केलं. मी कढई उतरवून धावले तोवर पंगत बसली होती आणि तुम्ही लगेच जेवून येष्टीला निघालात.

आता प्रत्येकजण वेगळं सांगतो. सासूबाई म्हणतात काका त्याच्या पाया पडले. हे म्हणतात नाही, पाय धरून ठेवले. दादू म्हणतो मारामारी होता होता राहिली. भीमाबाईला विचारलं तर ती वड्यांचंच बोलते. सासूबाई आज सकाळी मला म्हणाल्या, "मी कोड कदी म्हनले?" मला वेड लावलंय सगळ्यांनी. काय झालं ते तू नीट लिही बघू.

तुझी वेणूताई

*

जासई, ता. २१ एप्रिल १९५७

सौ. वेणूताईस मालूचा साष्टांग नमस्कार.

मी दाराच्या चौकटीशी ओवाळायचं ताट घेऊन उभी होते, म्हणून मला सगळं दिसलं. मान खालीच होती, पण जे झालं ते खालीच झालं.

त्यांच्याकडची माणसं अंगणात येऊन थांबली. महादेवबाबा तर आल्या पावली परत जाणारसे दिसत होते. जगनभावजी पाय धुवायला पाणी घेऊन पुढे झाले, तर आबांनी त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला. तुमच्या पायरीशी दोन्ही गुडघे टेकून बसले आणि नवऱ्या मुलाला म्हणाले, "पाय आना."

ते दोन पावलं मागे सरले. म्हणाले, "काका, आदी लगीन होऊंद्या. तवा धुवा."

आबा म्हणाले, "लग्नात धुतले तर रीत म्हनून धुतले म्हनतील. आज धुतो. सगली बगतायत तोवर धुतो."

त्यांनी मग उजवा पाय पुढे केला. आबांनी तो बाजूला सारला आणि डावा धरला. पाणी घातलं. त्या डागावरून तळहात फिरवला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग खांद्यावरचा पंचा काढून तो पाय पुसला, आणि त्याच ओल्या पंच्याने स्वतःचं तोंड पुसलं. वर बघितलं ते कोडाचा निरोप आणणाऱ्या दादूकडे. रडले ते आबा नाहीत, महादेवबाबा. खाली बसून आबांना उठवू लागले आणि दोघांनाही उठता येईना. मग भीमाबाई गायला लागली. तिला बोलावलंस ते बरं केलंस.

ताई, आबा आजवर कोणासमोर वाकलेले नाहीत. मी ताट घेऊन उभी होते आणि मला रडू आवरत नव्हतं. असा बाप मला आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग मला ओवाळायला पुढे केलं. माझ्यासमोर तो डावा पाय होता, धुतलेला. धोतराखाली ओढलेला नव्हता. तेव्हा मी आईचं सगळं बजावणं बाजूला ठेवलं आणि मान वर केली. नाकाचं तू लिहिलं होतंस ते खरं आहे.

आणि त्यांचं लक्ष कुठे होतं सांगू? माझ्याकडे नव्हतंच. मान खाली घालून ते माझ्या पायांकडे बघत होते. मी हळूच विचारलं, "काय बगता?" तर म्हणाले, "त्या दिशीपासून येवढंच तर वळखतो मी."

वडे फार चांगले झाले होते. लग्नातही तूच कर, पण बाहेर बसून.

तुझी मालू